पूर्व आफ्रिकेंतील शहरें आणि परदेशचा सल्लागार

गेल्या वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनास आलेल्या एका पालकांनीं आम्हांस बाजूस नेऊन एक प्रश्न केला. त्यांचे चिरंजीव आमच्याच शाळेंतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढें स्थापत्यशास्त्राचे पदवीधर झाले आहेत. "सर, पूर्व आफ्रिकेंतील शहरांत मोठमोठ्या योजना चालल्या आहेत आणि तेथें सल्लागारास चांगलें मानधन मिळतें, असें मुलगा म्हणतो. घरचें कर्ज अजून फिटलेलें नाहीं. त्यास जाऊं द्यावें काय?" त्या गर्दींत आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. परंतु प्रश्न मनांत राहिला. हीच इच्छा बाळगणारे आणखीही विद्यार्थी असतील, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम या कामाचें स्वरूप पाहूं. नैरोबी, मोंबासा, कंपाला, किगाली, दार-एस-सलाम हीं शहरें झपाट्यानें वाढत आहेत. त्यांस पिण्याचें पाणी, गटारें, रस्ते, वीज व घरें हवीं आहेत. एवढा पैसा सरकारच्या तिजोरींत एकदम नसतो. म्हणून जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक किंवा एखादें मित्रराष्ट्र कर्ज वा अनुदान देतें. आपल्या देशाच्या आयात-निर्यात बँकेच्या कर्जांतूनही टांझानियांत पाण्याच्या योजना झाल्या आहेत. अशी योजना आंखण्यास व तपासण्यास जे तज्ज्ञ नेमितात, त्यांस सल्लागार म्हणतात. नेमणुकीची रीत अशी : काम काय, मुदत किती, योग्यता कोणती, हें जाहिरातींत सांगतात, इच्छुक आपल्या अनुभवाचें पत्र पाठवितात, त्यांतून थोड्यांची निवड होते. बहुधा त्यांनीं कामाची जी पद्धत लिहिली असेल तिला प्रथम गुण देतात व दराचा लखोटा मागाहून उघडतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व मानवी वसाहती या दोन्ही विषयांच्या संस्थांचीं मुख्य कार्यालयें नैरोबी येथेंच आहेत. तेव्हां काम आहे, हें खरें. मात्र कर्जाची फेड अखेर तेथील प्रजेसच करावयाची असते; सल्लागाराचें मानधनही त्याच पैशांतून निघूं शकतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढें चलूं.

आपल्या लोकांस हा प्रदेश नवा नाहीं. १८९६ सालीं मोंबासा बंदरापासून लोहमार्गाच्या कामास आरंभ झाला व १९०१ सालीं तो व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं पोंचला. त्या कामावर हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेले होते, बहुतेक पंजाबकडील. त्यांपैकीं सुमारें २,५०० जणांनीं तेथेंच देह ठेविला. पुढें कित्येक गोमंतकीय कुटुंबें तेथील कचेऱ्यांत कारकुनी करून नांवारूपास आलीं. याच मार्गावर १८९९ सालीं एका पाणथळ सपाटीवर रेल्वेचें ठाणें वसविलें, त्याचेंच नैरोबी शहर झालें. नैरोबी या नांवाचा मासाई भाषेंतील मूळ अर्थ 'थंड पाणी' असा आहे. जागा रेल्वेच्या सोयीनें निवडली होती. पुढें तेथें लक्षावधि लोक नांदतील व त्यांच्या दारांतील पाण्याचा निचरा करावा लागेल, हा विचार त्या वेळीं झाला नाहीं. २०२४ च्या एप्रिलांतही नैरोबीच्या गरीब वस्त्यांत पुराचें पाणी शिरलें.

आतां दार-एस-सलाम या एकाच शहराचा दाखला नीट पाहूं. टांझानियाच्या राजधानीचा मान आतां दोदोमा शहरास आहे. तथापि व्यापार व लोकवस्ती यांत दार-एस-सलामच पहिलें. २०१२ च्या शिरगणतींत तेथें सुमारें ४४ लक्ष लोक होते, २०२२ च्या शिरगणतींत सुमारें ५४ लक्ष. दहा वर्षांत दहा लक्ष माणसें वाढलीं, तर त्यांस जागा कोठें मिळावी? ज्यास उंचावरची जागा परवडत नाहीं, तो सखल भागांत, नदीच्या पात्राजवळ घर बांधतो. पुगू टेकड्यांकडून येणारी म्सिम्बाझी नदी या शहराच्या मधून वाहत हिंदी महासागरास मिळते. एरवीं ती ओढ्यासारखी दिसते. जोराचा पाऊस झाला कीं तिचें पाणी घरांत शिरतें. डिसेंबर २०११ च्या पुरांत शहरांतील सुमारें चाळीस माणसें दगावलीं व हजारों बेघर झालीं.

त्यानंतर सुमारें साडेचार वर्षांनीं, मे २०१६ मध्यें, शहरांत जलद बसगाड्यांची योजना सुरू झाली. तीस जागतिक बँकेचा पैसा व परदेशच्या तज्ज्ञांचा सल्ला मिळाला होता. रस्त्याच्या मध्यभागीं केवळ या गाड्यांसाठीं राखलेली सुमारें २१ किलोमीटरांची वाट तयार झाली. पूर्वीं लहान खासगी गाड्यांत दाटीवाटीनें उभे राहून जे लोक तासन् तास रस्त्यांत अडकत, त्यांचा पुष्कळ वेळ वांचला. २०१८ सालचा शाश्वत वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या शहरास मिळाला. तो मिळविणारें आफ्रिकेंतील हें पहिलेंच शहर. योजना उत्तम होती, याविषयीं शंका नको. परंतु गाड्या उभ्या करण्याचें आगार जेथें बांधलें, ती जागा म्सिम्बाझीच्या पूरपट्ट्यांत होती. तिचें नांव जांग्वानी. स्वाहिली भाषेंत 'जांग्वा' म्हणजे वाळवंट, आणि शेवटचा 'नी' हा आपल्या सप्तमीसारखा प्रत्यय, म्हणजे 'वाळवंटांत'. ज्या वर्षाचा तो पुरस्कार, त्याच २०१८ च्या पावसाळ्यांत या वाळवंटांत पाणी भरलें, आगारांतील गाड्या बिघडल्या व सेवा बंद ठेवावी लागली. पुढेंही असे प्रसंग आले. ही जागा पाण्याची आहे, हें तेथील रहिवाशांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें; त्यांचें तें ज्ञान कामीं आलें नाहीं.

याच शहरानें दुसरी वाटही दाखविली आहे. २०१५ सालीं तेथें 'रमानी हुरिया' म्हणजे 'खुला नकाशा' या नांवाचें काम सुरू झालें. त्यासही जागतिक बँकेचें व परदेशी तज्ज्ञांचें साह्य होतें. परंतु पायपीट केली ती दार-एस-सलाम विद्यापीठाच्या व आर्धी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं आणि वस्तींतील स्वयंसेवकांनीं. ज्या बोळांचा कोणत्याही नकाशांत पत्ता नव्हता, त्यांतून ते फिरले. गटार कोठें आहे, किती रुंद व किती खोल, तें तुंबलेलें आहे काय, हें त्यांनीं टिपलें. पुराचें पाणी कोठवर आलें होतें, हें घरोघर विचारिलें. कोणी गुडघ्याकडे बोट दाखविलें, कोणी छातीकडे. तें बोट नकाशावर उतरलें, तेव्हां अभियंत्यास कामाचा आंकडा मिळाला.

पुढें २०१८ सालीं नदीच्या खोऱ्याचा आराखडा करतांना सरकारी अधिकारी, तज्ज्ञ व रहिवासी यांस एकत्र बसवून चर्चा झाल्या. आणि २०२२ सालीं जागतिक बँकेनें या योजनेस २० कोटी डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. स्पेन व नेदरलँड्स या देशांनींही हातभार लाविला. नदीस वाहण्यास जागा करणें, जांग्वानी येथें अधिक उंच पूल बांधणें, आगार दुसरीकडे हलविणें व पूरपट्ट्यांत उद्यान करणें, हीं त्यांतील मुख्य कामें. परंतु ज्यांचीं घरें त्या पट्ट्यांत आहेत, त्यांस भरपाई देऊन उठविणें हाही योजनेचाच भाग आहे. ज्या घरापासून बाजार व मजुरी पायीं गांठतां येते, तें सोडून दूर जाणाऱ्या कुटुंबाचें पुढें कसें होतें, यावरूनच योजना चांगली कीं वाईट हें ठरेल.

ज्यास सल्लागार व्हावयाचें आहे, त्यानें यावरून तीन गोष्टी घ्याव्या. पहिली, आपला विषय पक्का असावा व आपल्या देशांत निदान कांहीं वर्षें चिखलांत उभें राहून काम केलेलें असावें. अननुभवी मनुष्यास जाहिरातींतील योग्यताच पुरी करतां येत नाहीं. दुसरी, भाषा. स्वाहिली आपणांस अगदींच परकी नाहीं. दुकानास तेथें 'दुका' म्हणतात, गाडीस 'गारी', पुस्तकास 'किताबू', हिशेबास 'हेसाबू' व बातमीस 'हबारी'. एवढी ओळख असतां उरलेली भाषा शिकण्याचा कंटाळा करणें बरें नव्हे. तिसरी गोष्ट कोणत्याही पदवीपत्रांत लिहिलेली नसते : ती म्हणजे विचारण्याची लाज न वाटणें. भाजी विकणाऱ्या बाईस पावसाचें पाणी कोठून येतें हें ठाऊक असतें. तिला आदरानें विचारणारा सल्लागार आपलें मानधन न्यायानें मिळवितो.

त्या पालकांस आमचें उत्तर असें : मुलास अवश्य जाऊं द्या, परंतु कर्ज फेडण्याची घाई त्याच्या पाठीशीं लावून पाठवूं नका, आणि आधीं येथें अनुभव घेऊं द्या. परक्याच्या घराचा आराखडा घाईनें केला तर त्याचें पाणी परक्याच्याच घरांत शिरतें. आराखडा करणारा तोंवर विमानानें परत आलेला असतो.

आमच्या विद्यार्थ्यांसाठीं एक अभ्यास सांगून लेख पुरा करतों. या सुट्टींत आपापल्या गल्लीचा नकाशा काढा. घरें, विहीर, नळ, गटारें दाखवा. मग शेजारच्या वृद्धांकडे जाऊन विचारा : "आजोबा, तुमच्या आठवणींत पाणी कोठवर आलें होतें?" त्यांनीं दाखविलेली रेघ नकाशावर काढा. शाळा उघडल्यावर ते नकाशे आम्ही एकत्र लावून पाहूं.