आपलेपणा कोणी द्यायचा?



दिल्ली आणि तिच्या भोवतीची नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद ही शहरे म्हणजे छोटा भारतच, असे आपण कौतुकाने म्हणतो. एकाच इमारतीत पंजाबी, बंगाली, मल्याळी, मणिपुरी आणि मराठी कुटुंबे राहतात. एकच लिफ्ट, एकच पाण्याची टाकी, एकच भाजीवाला. तरीही एकत्र राहणे आणि एकमेकांना आपले मानणे यांत मोठे अंतर असू शकते. हे अंतर कमी करण्याचे काम कोणाचे, याचा आज आपण शांतपणे विचार करू या.

सुरुवात हसण्यापासून होते

२९ जानेवारी २०१४ रोजी अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया हा तरुण विद्यार्थी दिल्लीच्या लाजपत नगर बाजारात एक पत्ता शोधत होता. एका दुकानात त्याच्या केसांवरून त्याची थट्टा झाली. तो चिडला, दुकानाची काच फुटली, भांडण झाले आणि त्याला मारहाण करण्यात आली. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला.

मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा पसरल्या आणि काही आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. ज्यांना मार बसला, त्यांचा त्या मृत्यूशी काय संबंध, हे विचारायला जमाव थांबला नाही. त्यांचा रंग तेवढा पुरेसा ठरला.

असे काही वाचले की आपण म्हणतो, ‘किती क्रूर माणसे!’ आणि मन हलके करून पुढे जातो. पण क्रम नीट पाहा. हात उठण्यापूर्वी हसणे होते. हसण्यापूर्वी ‘हा आपल्यातला नाही’ हा विचार होता. हात उचलणारे थोडे असतात. तो विचार मनात बाळगणारे किंवा तसे हसणे ऐकून गप्प राहणारे पुष्कळ असतात. आपल्याला स्वतःला शोधायचे आहे ते या दुसऱ्या गर्दीत.

कायदा कुठवर पोहोचतो?

निडोच्या मृत्यूनंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला. वंशावरून अपमान करणाऱ्यांविरुद्ध कडक कायदा, पीडितांना कायदेशीर मदत, ईशान्य भारताच्या इतिहासाचा शिक्षणात समावेश अशा शिफारशी तिने केल्या. दिल्ली पोलिसांचे ईशान्येकडील लोकांसाठी विशेष पथक आहे आणि १०९३ ही हेल्पलाइनही आहे. ही माहिती आपण लक्षात ठेवावी आणि गरजूला सांगावी.

कायदा आवश्यक आहे. पण जिन्यात भेटल्यावर शेजाऱ्याने नजर फिरवली, तर त्याची तक्रार कुठे करायची? घरमालकाने फोनवर होकार दिला आणि चेहरा पाहून ‘खोली गेली’ असे सांगितले, तर ते सिद्ध कसे करायचे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता समाजात मुरणार नाहीत. आणि बंधुता पोलीस ठाण्यात मिळत नाही.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

२००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेची एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, अखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजारी गडबड न होईल अशा बेताने शिजवावेत, असा सल्ला तिच्यात होता. अखुनी म्हणजे नागालँडमधील आंबवलेले सोयाबीन. सल्ल्यामागचा हेतू मदतीचा असेल. पण जुळवून घेण्याचे सारे ओझे नव्याने आलेल्याच्या खांद्यावर टाकले गेले. सुके बोंबील भाजणाऱ्या घरांना हे दुःख समजावून सांगायला नको. आपल्या वासाला आपण ‘आईच्या हातची चव’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या वासाला ‘घाण’.

आपल्याकडे पाहुण्याला सांगतात, ‘घर आपलेच समजा.’ हे वाक्य पाहुण्याला स्वतःच म्हणता येत नाही. ते घरच्यानेच म्हणावे लागते. आपलेपणाचेही तसेच आहे. आणि इथे तर समोरचा पाहुणाही नाही. भारतात कुठेही राहण्याचा हक्क संविधानाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. मणिपूरची मुलगी दिल्लीत स्वतःच्याच देशात राहते. तिला ‘तुम्ही कुठल्या देशाच्या?’ असे विचारतो, तेव्हा आपण तिच्या घरात तिलाच परके करतो.

हे फक्त दिल्लीचे आहे का?

नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील अनेक तरुण-तरुणींनी बंगळुरूप्रमाणेच आपले पुणेही भीतीने सोडले. संतांच्या पालख्यांचे स्वागत करणाऱ्या या शहरात ती मुले राहत होती. संकटाच्या घडीला हक्काने ज्याचे दार ठोठवावे, असा शेजारी त्यांच्यातल्या किती जणांना होता?

दार उघडण्याचा धडाही आपल्याच मातीत आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार दलित बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. ज्यांच्यासाठी दार आधीच उघडे होते, त्यांच्यापैकी ते एक होते, हे विशेष. याच गुरुजींनी पुढे ‘आंतरभारती’चे स्वप्न मांडले. एका प्रांताच्या लोकांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि रीत प्रेमाने शिकावी, अशी ती कल्पना होती.

या आठवड्याची साधना

सर्वांमध्ये एकच चैतन्य आहे, असे आपण प्रार्थनेत म्हणतो. त्याची परीक्षा जिन्यात, बाजारात आणि मेट्रोत होते. म्हणून या आठवड्यात एवढे करून पाहू या:

१. शेजाऱ्याचे, सुरक्षारक्षकाचे किंवा सहकाऱ्याचे नाव त्याच्याकडूनच नीट उच्चारायला शिकू या. सोयीचे टोपणनाव देऊ नये.

२. कोणाच्या चेहऱ्यावर, रंगावर, बोलण्यावर थट्टा झाली तर हसू नये. ‘असे बोलू नका,’ एवढे शांतपणे म्हणावे.

३. घर भाड्याने देताना सर्वांना सारखेच प्रश्न विचारावेत.

४. आपल्या बैठकीत एकही अमराठी व्यक्ती असेल, तर तिला समजेल त्या भाषेत बोलावे. चार मराठी माणसे भेटली की आपण नकळत मराठीत रंगतो आणि पाचवा हसऱ्या चेहऱ्याने एकटा बसून राहतो.

५. दुसऱ्यांना आपल्या सणाला बोलावतोच. एकदा त्यांच्या सणाला आपणही जावे.

चिंतनासाठी प्रश्न

• ‘ही माणसे अशीच असतात’ हे वाक्य मी शेवटचे कोणाबद्दल म्हटले? त्यांच्यातल्या किती जणांना मी नावाने ओळखतो?

• मी नव्या गावात परका होतो, तेव्हा मला आपले कोणी म्हटले? नेमके काय करून?

• माझ्या ओळखीत असे कोण आहे, जो अजून कोणीतरी ‘घर आपलेच समजा’ म्हणण्याची वाट पाहत आहे?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात एखादे नाव आले असेल, तर आजच त्याचे दार ठोठवू या.