लीद घ्या, पण ढिगात सळई घालून

घोड्याच्या लिदीनं हिरवळ जळते, असं आता आमच्या शिरूर कासारात जो तो सांगतो आणि पुरावा म्हणून आमच्या मंगल कार्यालयाचं लॉन दाखवतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते. लॉन जळलं ते कच्च्या लिदीनं, आणि ती कच्ची आहे हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

टँकरच्या तालुक्यात गवताला पाणी घालतात म्हणून लोक आधीपासूनच हसत होते. हसू देत. कार्यालय बघायला येणारी पाहुणेमंडळी हल्ली आधी लॉन बघतात, मग स्वयंपाकघर. आमची जागा भरावाची. खाली मुरूम, वर चुनखडीची माती. मेक्सिकन गवत लावलं तरी विरळच राहायचं आणि पाणी वाळलं की मातीवर पांढरी पापडी धरायची. शेणखत मिळणं आता मुश्कील, गोठेच रिकामे झालेत. धनगरांची मेंढरं शेतात बसवता येतात, मांडवाच्या दारात नाही. तेव्हा लिदीचं ठरवलं, आणि ठरवलं ते बरोबरच होतं. घोडा रवंथ करत नाही, खाल्लेलं पुरतं पचवत नाही, त्यामुळं लीद भरड आणि पोकळ असते. दडपलेली माती मोकळी करायला असंच खत हवं. (मढीचा गाढवांचा बाजार जवळ आहे, तिथूनच भरून आणा, हा विनोद मी पुष्कळ ऐकलाय.)

खत देणारे गृहस्थ लग्नात घोडे-बग्गी पुरवणारे. हंगामात नेहमी दारात असलेले, म्हणून विश्वास. माल शहरातल्या तबेल्याचा, रेसच्या घोड्यांचा, वर्षभर कुजवलेला, असं त्यांचं म्हणणं. मी खोदून खोदून विचारलं. "वहिनी, चहापत्तीसारखं भुरभुरीत आहे," म्हणाले.

दसऱ्यानंतर ट्रॉल्या आल्या त्या रात्री, आणि पोरांनी खत पसरलं तेही रात्रीच. सकाळी बघते तर गवतावर चार बोटं जाड थर आणि डोळ्यांना झोंबणारा वास. फोन केला तर "जाईल वास."

तुळशीची लग्नं लागेपर्यंत लॉन पट्ट्यापट्ट्यांनी पिवळं पडलं. म्हणाले, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, तर म्हणाले, जास्त झालं. मग म्हणाले, तुमची जमीनच चुनखडीची, तिला लोह द्या. ते लोहही विकायला त्यांच्याकडेच! चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही हे खरं आहे. खोटं बोलणारा माणूस एखादं खरं हाताशी ठेवतोच. पण लोह कमी पडलं की कोवळं पान आधी पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. आमच्याकडं जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली होती. म्हणजे कमी पडलं होतं नत्र. अंगावर एवढा खताचा थर असताना?

त्याचं उत्तर गवतातच उगवलं. सिंदफणेच्या काठाला बघून बघून वेडी बाभूळ आम्हाला पाठ आहे, पण लॉनमध्ये? बोटभर रोप धरून ओढलं, तर वीतभर मूळ वर आलं आणि मुळाला लिदीचा अख्खा गोळा लटकलेला. तिथंच बसून तो फोडला. आत बाभळीच्या शेंगेचा तुकडा, कडब्याच्या काड्या जशाच्या तशा आणि भोवती चिकटलेला लाकडाचा भुसा. वर्षभर कुजलेल्या लिदीचा गोळा शिल्लक राहत नाही. रेसच्या घोड्याला वेड्या बाभळीच्या शेंगा कोणी घालत नाही. त्या खातात नदीकाठी मोकळे सोडलेले घोडे, आणि पोटातून गेलेलं बी उलट लवकर रुजतं. भुशाचं गणित तर सोपं. खत आम्हाला ब्रासवर विकलं होतं, आणि ब्रास भरायला वखारीतला भुसा स्वस्त. भुशात कर्ब भरमसाट, नत्र नावाला. तो कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि गवत उपाशी राहतं.

गोळा पिशवीत घालून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आमच्या ह्यांना म्हणाले, "दादा, तुम्ही समजावा यांना, खतातलं बायकामाणसांना काय कळतंय." पैसे परत करायचं नाव नाही, उलट बग्गीची राहिलेली बाकी मागितली. लॉनपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं.

आता ज्यांना लीद घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. माल दिवसा उतरवून घ्या. ढिगात लोखंडी सळई खोलवर खुपसा, थोड्या वेळानं काढून हात लावा. चटका बसला तर खत कच्चं. गार लागली म्हणून लगेच हुरळू नका, कोरडा ढीगही गारच असतो. थोडं खत ढीग करून ओलं करा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. एका कुंडीत नुसतं खत भिजवून ठेवा, काय काय उगवतं ते कळेल. दुसरीत मातीत खत मिसळून मूग टाका. रोपं वाकडी, पिवळी आली तर ते खत घेऊ नका.

कच्ची लीद स्वस्त मिळाली तर घ्या, पण घरी कुजवा. ढीग कमरेएवढा तरी हवा आणि ओल अशी की मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब निघावा. आत ५५ अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली की बहुतेक तणांचं बी मरतं. मात्र कडेचा माल गारच राहतो, म्हणून बाहेरचं आत घालत ढीग पालटावा लागतो. वेड्या बाभळीचं बी टणक, ते तरीही वाचू शकतं, तेव्हा रोप कोवळं असतानाच उपटा. जागा असेल तर यवतमाळ जिल्ह्यातल्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बांधा, १० बाय ६ बाय ३ फूट, विटांच्या भिंतीत हवेला भोकं ठेवलेली. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं.

गवत लावण्यापूर्वी दोन इंच कुजलेलं खत वीतभर खोल मातीत मिसळा. लावलेल्या गवतावर मात्र चाळलेलं खत एक सेंटीमीटरच्या वर नको, म्हणजे १,००० चौरस फुटाला ब्रासचा तिसरा हिस्सा. कच्च्या खतामागं हुमणीही येते. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा हातमोजे घाला आणि इंजेक्शन घेतलेलं असू द्या. माती आधी तपासून घ्या, गेवराई तालुक्यात खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. आणि पावती घ्या, तिच्यावर 'कुजलेलं' असं लिहून घ्या, समोरचा कितीही घरचा असो.

बग्गीची बाकी मी दिलेली नाही. देणारही नाही.