शेवंतीचा जमाखर्च

घरची बाग हा हौसेचा व्यापार खरा. पण त्यातही नफा-तोटा चुकत नाही. आमच्या अंगणातील शेवंतीने मला हे दोन वर्षांत शिकविले. कानडीत हिलाच ‘सेवंतिगे’ म्हणतात.

पहिल्या वर्षी जूनमध्ये आईने १२ रोपे कुंड्यांत लावली. जुलैच्या झडीत पाणी साचले व ५ रोपांची मुळे कुजली. हा पहिला तोटा. उरलेली ७ हिरवीगार वाढली. पण दिवाळी गेली, मार्गशीर्ष आला, तरी त्यांतील चारांवर कळी दिसेना. आईने खत घातले, मी पाणी वाढविले. उपयोग शून्य!

कारण निराळेच होते. कळी धरण्यास शेवंतीला लांब व अखंड रात्र लागते. म्हणूनच पावसाळ्यानंतर दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येते. आमच्या ओट्यावरचा दिवा रात्रभर जळत असे. त्याच्या उजेडातील ४ रोपांना रात्र अशी झालीच नव्हती. कोपऱ्यातील अंधारातली ३ मात्र फुलली.

दुसऱ्या वर्षी जुन्या रोपांच्या फुटव्यांपासून पुन्हा १२ रोपे केली. कुंड्यांच्या तळाशी खापऱ्या घातल्या, ऑगस्टपर्यंत शेंडे खुडले आणि कुंड्या परसात अंधाराच्या बाजूस नेल्या. ढगाळ हवेत मावा पडून २ रोपे गेली. पण १० फुलली. पहिली ओंजळ आईने देवाला वाहिली.

वाचकहो, झाड फुलेना म्हणून लगेच पाणी ओतू नये. आधी कारण शोधावे. तोट्याचे कारण वहीत लिहून ठेवले, तर तेच पुढील वर्षाचे भांडवल होते.