परक्या घरी राहताना भीड धरू नकोस

अगं, तुझ्या जपानच्या मुक्कामाबद्दल बाबांचं मी बघते. "अनोळखी घरात पोरीनं राहायचं?" हा प्रश्न काय आजचा आहे? १८८३ साली आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागं ठेवून अमेरिकेला गेल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. पण त्या दोघींची आधी काही वर्षं पत्रं चालली होती. एकमेकींच्या चालीरीतींबद्दल भरभरून लिहून झालं होतं. तूही जपानच्या तुझ्या यजमानांना आजच लिहायला बस.

नुसतं "मी शाकाहारी" लिहून भागत नाही. मासे खाल्ले तरी शाकाहार मोडत नाही असं समजणारे तिथं पुष्कळ भेटतील. साधं दिसणारं मिसो सूपही बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्यात करतात, त्याला दाशी म्हणतात. म्हणून मासा नको, ती दाशी नको, अंडं चालतं की नाही, असं एकेक लिही. त्या बाईनं दिवसभर खपून रांधायचं आणि तू ताटाकडं बघत बसायचं, हे जास्त वाईट. आणि आपल्या परतूरला पाहुणा तीनदा "नको" म्हणतो तरी चौथ्यांदा भाकरी ताटात पडतेच. तिकडं परक्या पाहुण्याचं "नको" बहुधा खरंच धरतात. भूक असेल तर सरळ "हो" म्हण.

अंघोळीचं नीट ऐक, हे आधी कुणी सांगत नाही. बाथरूममध्ये कढत पाण्यानं भरलेला खोल टब असतो, ओफुरो. तो साबणासाठी नाही. बाहेर छोट्या स्टुलावर बसायचं, शॉवरनं अंग, केस सगळं स्वच्छ करायचं, फेसाचा थेंब राहू द्यायचा नाही, मग नुसतं शेकायला टबात उतरायचं. तेच पाणी तुझ्यामागं घरातले सगळे वापरणार असतात. बूच काढू नकोस, झाकण असेल तर परत ठेव. पाहुण्याला बरेचदा पहिला नंबर देतात, म्हणून तर जास्त जपायचं. पाळी आली असेल तर टबात उतरू नकोस, शॉवरच घेते म्हणून सांग. त्यात लाजायचं काही नाही.

बूट दारातच काढायचे, टोकं दाराकडं करून ठेवायची. आत स्लिपर देतील, पण तातामीच्या चटईवर तीही नाही. संडासाची स्लिपर वेगळी. ती घालून बैठकीत आलीस की पोरंसोरं खिदळणार!

भेट म्हणून आई मोसंबी बांधून देईल, घेऊ नकोस. जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी कागदपत्रांशिवाय ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात. त्यापेक्षा हिमरूची शाल ने.

आणि कुणाच्या वागण्यानं जीव धास्तावला, तर "त्यांना काय वाटेल" म्हणत बसू नकोस. हा मुक्काम ठरवणाऱ्या संयोजकांना लगेच फोन लाव. नंबर कागदावरही लिहून ठेव, मोबाइल ऐनवेळी दगा देतो.

फिरायचं म्हणशील तर क्योटो, नारा, ओसाका एका दमात उरकायची हाव धरू नकोस. यजमान बाजाराला निघाले तर पिशवी घेऊन सोबत जा, मला तरी देवळांपेक्षा तेच जास्त आठवतं. कोयासान मात्र चुकवू नकोस. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून रेल्वेनं डोंगराच्या पायथ्याशी, तिथून केबल कार. नवव्या शतकात कुकाई या भिक्षूनं वसवलेलं ठिकाण. मठात मुक्काम करता येतो आणि जेवण अस्सल शाकाहारी, त्यात माशाच्या दाशीची भानगड नाही. तिथल्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसवलाय. ज्या वाकायामा प्रांतात हे येतं, त्याच्याशी महाराष्ट्राचा २०१३ पासून करारही आहे.

यजमान तुला अजिंठ्याबद्दल विचारतील, हे धरूनच चल. नाराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याशी करतात. १९४९ च्या आगीत ती होरपळली. आता तूच सांग, इतक्या जवळ राहून आपल्यातल्या किती जणांनी लेणी पाहिलीत? निघण्याआधी आईला घेऊन जाऊन ये. सोमवार सोडून कधीही जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.