गिधाडांचे रक्षण व जनावरांची औषधयोजना

मेलेले जनावर गावाबाहेर टाकताच गिधाडांचा थवा उतरे, हे दृश्य विदर्भातील वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. परंतु १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची देशातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. परिणामी शवे कुजत पडू लागली, भटकी कुत्री वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचे भयही वाढले.

कारण : जनावरांची सूज व वेदना कमी करण्यासाठी टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे या ऱ्हासाचे मुख्य कारण असल्याचे २००४ साली सिद्ध झाले. हे औषध दिलेले जनावर दोन-तीन दिवसांत दगावल्यास औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरते. एका शवावर अनेक गिधाडे उतरतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे शंभरांत एकाहूनही कमी शवे दूषित असली, तरी गिधाडांचा नाश होण्यास तेवढी पुरतात. म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याचे नसून संपूर्ण गावाचे आहे.

डायक्लोफिनॅकच्या पशुवापरावर २००६ साली बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांवरही ती घालण्यात आली. गडचिरोलीत वनविभागाने गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांसाठी निर्धोक खाद्यस्थळे चालविली. २०२४ साली पिंजोर येथील केंद्रातील गिधाडे ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली. गिधाड दिवसाकाठी शंभर किलोमीटरहून अधिक उडू शकते. म्हणून महागावच्या शिवारातील शवही त्यास तारक वा मारक ठरू शकते.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. सूज वा वेदनेवर पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम मागावे; ते गिधाडांस निर्धोक आहे.

२. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक जनावरांस टोचू नये. निमेसुलाइडही टाळावे.

३. उपचार चालू असता दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. फाशी रोगाचा संशय असल्यास शव फाडू नये. पशुवैद्यकास त्वरित कळवावे.

४. वाघ-बिबट्याने मारलेल्या जनावरावर विष घालू नये. वनरक्षकास कळवून पंचनामा करावा व नुकसानभरपाई घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पोळ्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडावा. शाळेतील मुले, गुराखी आणि औषध दुकानदार यांनाही तो समजावून द्यावा. बैलाच्या उपचाराची योग्य काळजी घेतली, तर गिधाडाचेही रक्षण होईल.