ओठांच्या कडेचे दुखणे

ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडणे, हनुवटीवर बारीक तांबूस पुरळ उठणे आणि ते औषधाने काही काळ शमून पुन्हा पूर्ववत उद्भवणे, असा क्रम ज्यांच्या वाट्याला आला असेल, त्यांनी आपल्या मोरीतील टूथपेस्टची एकवार शहानिशा करावी, या एकाच हेतूने मी माझी हकिकत येथे नमूद करीत आहे.

आमचे खुटबाव पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधले. भोवताली ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. त्यामुळे माझ्या तोंडाभोवती पुरळ दिसताच सर्वांचा संशय प्रथम शेताकडे वळला, आणि तो अगदीच निराधार होता असे नाही, कारण उसाच्या पाल्याची कुसळे अंगाला लागली की खाज सुटतेच. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आठवडाभर उसात पाऊल टाकू नकोस, आपोआप बसेल सगळं." मी घरी राहिले, पुरळ मात्र बसले नाही. पुढे औषधाच्या दुकानातून एक मलम आले. ते लावताच लाली ओसरे आणि थांबवताच दुपटीने परते. त्यात स्टेरॉईड होते, हे पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडून समजले. अशी कित्येक मलमे २०१८ साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. परंतु तो हुकूम आणि दुकानाच्या काउंटरवरील व्यवहार यांत अद्याप फार अंतर आहे, आणि त्या अंतराची किंमत रुग्णाच्या चेहऱ्याला मोजावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डॉक्टरांनी मलम बंद करविले आणि विचारले, "दात कशाने घासता?" त्या सुमारास घरात दालचिनीच्या स्वादाची पेस्ट आली होती. एवढ्या साध्या जिनसेने असा उपद्रव होईल, हे मनाला पटेना, म्हणून त्यांनी कारण उलगडून सांगितले. पेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट हे द्रव्य त्वचेवरील स्निग्धता धुऊन नेते आणि ती कोरडी, हुळहुळी करते. ही नुसती दाहक क्रिया झाली. खरी अॅलर्जी निराळी. पुदिन्यातील कार्व्होन व मेन्थॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड अशा स्वादद्रव्यांना शरीरातील संरक्षक पेशी एकदा शत्रू मानू लागल्या, म्हणजे पुढे त्यांचा अल्पसा स्पर्शही पुरतो; आणि ही प्रतिक्रिया तत्काळ न उमटता एक-दोन दिवसांनी उमटते. सकाळी वापरलेल्या पेस्टचा परिणाम परवा दिसणार, तोवर मधल्या जेवणांवर, उन्हावर, धुळीवर आळ जाणार! गुन्हेगार इतका काळ नामानिराळा राहतो तो यामुळेच.

संशयाची खातरजमा करण्याचा मार्ग म्हणजे पॅच टेस्ट. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ही पद्धत मांडली आणि तिचे मूळ स्वरूप आजही कायम आहे: ठरावीक प्रमाणात सौम्य केलेली द्रव्ये छोट्या कप्प्यांतून पाठीवर चिकटवितात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. माझ्या पाठीवर दालचिनीच्या जागी लाल, खाजरा उंचवटा आला. येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. घरच्या घरी हातावर पेस्ट थापून वर चिकटपट्टी लावण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ती मुळीच करू नये. झाकलेल्या जागी फेसाचे द्रव्य निरोगी त्वचेलाही पोळते आणि निष्कर्ष साफ चुकीचा निघतो.

पेस्ट बदलताना वेष्टनावरील घटकांचा मजकूर वाचावा, पण त्यावरच विसंबू नये; स्वादाच्या जागी पुष्कळदा केवळ 'फ्लेवर' एवढाच शब्द असतो. 'नैसर्गिक' किंवा 'आयुर्वेदिक' या शब्दांनीही निर्धास्त होऊ नये, कारण लवंग आणि पुदिना तेथेही असतात, बहुधा अधिकच. निवाडा होईपर्यंत मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे. नंतर स्वादहीन, सल्फेटविरहित पेस्ट घ्यावी. फ्लोराइडवर उगाच दोष टाकू नये. त्याची अॅलर्जी अत्यंत विरळ, आणि दात किडण्यापासून संरक्षण मात्र त्याचेच. पेस्ट सोडली म्हणून मिसरीकडे वळणे तर सर्वथा अनिष्ट. ती जाळलेली तंबाखू आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ सालीच कायद्याने बंदी झाली, तरी आमच्या भागातील कित्येक बायकांचा दिवस अजून मिसरीनेच सुरू होतो, आणि ते पाहून जीव तुटतो.

प्रत्येक चीर पेस्टमुळेच पडते असेही नाही. रक्तातील लोहाची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, बुरशीचा संसर्ग, सैल कवळी, ओठ चाटण्याची सवय, यांचीही तपासणी व्हावी. ओठ वा जीभ एकाएकी सुजली, श्वास कोंडू लागला, तर मात्र पेस्टची चिकित्सा करीत न बसता तत्क्षणी रुग्णालय गाठावे. आणि एखाद्या स्वादाची बाधा सिद्ध झाली, तर माउथवॉश, च्युइंगम, खोकल्याच्या गोळ्या, मुखवास, लिप बाम यांची यादी करून डॉक्टरांपुढे ठेवावी. दालचिनी बाधत असेल तर गोड्या मसाल्याचाही तीत समावेश करावा. आमच्या घरी जाऊबाई आता माझ्यापुरता मसाला दालचिनीवाचून वेगळा कुटतात.