औषधाचे उशिरा उमटणारे वावडे

जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि त्या दिवसांत अंगावर पुरळ उठले म्हणजे सारा दोष उन्हाच्या माथी मारण्याची, किंवा फार तर सकाळची गोळी ‘गरम पडली’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु खरी आरोपी गोळी पुष्कळदा आठवड्यापूर्वी, क्वचित महिना-दीड महिन्यापूर्वी सुरू झालेली असते आणि म्हणूनच चौकशीतून सहीसलामत सुटते.

इंजेक्शनानंतर काही मिनिटांत गांधी उठते किंवा धाप लागते, ते काम बहुधा रक्तातील प्रतिद्रव्यांचे. विलंबाने येणारे वावडे हा टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा उद्योग होय. औषधाचा रेणू इतका लहान की एरवी त्याची कोणी दखलही घेऊ नये. पण तो शरीरातील प्रथिनाला चिकटला, की तेच प्रथिन या पेशींना परके भासू लागते, आणि त्यांची संख्या वाढून त्या त्वचेपर्यंत पोहोचेतो दिवस लोटतात. ही संवेदनशीलता रक्तद्रवातून नव्हे, तर पेशींद्वारे संक्रमित होते, हे लँडस्टायनर व चेस या संशोधकांनी १९४२ साली गिनीपिगांवर सिद्ध केले. यास्तव इंजेक्शनापूर्वी हातावर केलेली आणि लगेच पाहिली जाणारी ‘टेस्ट’ निर्दोष आली, तरी या प्रकाराविषयी तिचा निर्वाळा ग्राह्य मानता येत नाही. मात्र एकदा घडलेली ओळख या पेशी विसरत नाहीत. तेच औषध पुन्हा पोटात गेले, की जुन्या दप्तरातून फिर्याद निघावी तशी एक-दोन दिवसांतच प्रतिक्रिया उमटते.

कुष्ठरोगावरील डॅप्सोन या गोळीचे उदाहरण आपल्या भागात विशेष ध्यानी घेण्याजोगे आहे. ही गोळी बहुतेकांना सोसते. परंतु थोड्यांना चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास ताप, पुरळ, गाठींची सूज आणि कावीळ होते, आणि अशा प्रकृतीशी निगडित आनुवंशिक खूण चिनी संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिली. आता आपला रोग घरच्यांपासून लपविणारा मनुष्य गोळीही लपवितो, तापाच्या डॉक्टरांस तिचा थांगपत्ता लागत नाही, आणि कावीळ म्हणून कुणी झाडपाल्याकडे नेले तर इकडे ती गोळी बिनबोभाट चालूच राहते. लाज ही येथे प्रत्यक्ष यकृतावर बेतते.

पाळीच्या दुखण्यावर घरोघर घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक आम्लाविषयीही भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३च्या अखेरीस अशाच गंभीर प्रतिक्रियेबद्दल सावधगिरीची सूचना प्रसृत केली होती. तेव्हा ‘रोजचीच तर गोळी’ हा बचाव पुरा पडत नाही.

पुरळ घेऊन दवाखान्यात याल तेव्हा गेल्या दोन महिन्यांतील सर्व औषधांची पाकिटे, मेडिकलमधून चिठ्ठीवाचून आणलेल्या आणि लपविलेल्या गोळ्यांसकट, बरोबर आणावीत. तोंडात वा डोळ्यांत जखमा, कातडी दुखणे अगर सोलणे, चेहऱ्याची सूज, ताप किंवा कावीळ यांपैकी काहीही दिसल्यास संशयित औषध बंद करून त्याच दिवशी धुळ्याचे अथवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. मात्र संशयित औषध झटक्यांवरची (अपस्माराची) गोळी असेल, तर ती एकाएकी सोडणे स्वतःच धोक्याचे असल्याने तिच्या जागी दुसरी तत्काळ सुरू करावी लागते, आणि तीही विचारपूर्वक. कारण झटक्यांवरील कार्बामाझेपिनचे वावडे असणाऱ्यास त्याच कामाचे फेनिटॉइनही बाधण्याचा संभव असतो.